डाव्या खांबामागची जागा

मी खांब बोलून राहिलो. फुटबॉलच्या गोलचा खांब, त्यातही डावा. जाळीकडे पाठ करून मैदानाकडे तोंड करा, म्हणजे तुमच्या डाव्या हाताले मी. समोरून पाहणारे मले उजवा म्हणतात. त्यांचं ऐकू नका. डावं-उजवं ज्याले गोल सांभाळायचा आहे त्याच्या हिशेबानं ठरते, शेंगदाणे खात पाहणाऱ्याच्या हिशेबानं नाही.

राहायचं ठिकाण रायपूर. रेल्वेच्या वॅगन कारखान्यामागची कॉलनी आणि तिथलं मुरमाचं मैदान. नीलज्योत फुटबॉल क्लबाचं हे घर. एका बाजूले सिमेंटच्या पाच पायऱ्या आहेत, वर पत्रा आहे, तेवढ्यावर हे लोक त्याले स्टेडियम म्हणतात. बोर्डही लावला आहे. पावसाळ्यात पत्रा असा गळतो की पाचही पायऱ्यांवर एक कोरडी जागा सापडत नाही, पण स्टेडियम म्हणजे स्टेडियम. इतकी वर्षं मी गप्प राहिलो. आता राहवत नाही म्हणून बोलून राहिलो.

जन्मानं मी पाइप. कारखान्याच्या भंगारात गंजत पडलो होतो. तेव्हा हा सगळा मुलूख मध्य प्रदेशात होता. गोंदिया, भंडारा, तुमसर इकडून आलेले लोक कारखान्यात लागले होते. दिवसभर डब्ब्यांच्या खाली, आणि सुटी झाली की मैदानात. गोल म्हणून दोन चपला ठेवायचे. मग बॉल आतून गेला की चपलेवरून गेला, यावर अर्धा तास भांडण. नरहरी नावाचा एक वेल्डर होता, तोंडाचा फाटका. तो एक दिवस वैतागला आणि म्हणाला, तुमची रोजची कचकच ऐकण्यापेक्षा मीच खांब करून देतो. साहेबाले विचारलं, भंगारातून आम्हाले ओढून काढलं, कापलं, घासलं, जोडलं. माझ्या जोडीले उजवा आणि दोघांच्या डोक्यावर आडवा.

उजवा सरळ निघाला. मी बुडाशी जरा वाकडा होतो. नरहरी म्हणाला, चालते, तेवढं जमिनीत जाईल. गेलं जमिनीत. पण तेव्हापासून त्या उजव्याले जो माज चढला तो अजून उतरला नाही. मी त्याच्याशी बोलत नाही. मधात आडवा आहे म्हणून निभून राहिलं.

पहिल्या दिवसापासून माझी खरी ओळख एकाच माणसाशी. गुलाबराव. कारखान्यात फिटर, मैदानात गोलकी. हाडकुळा, लांब हाताचा, आणि तोंड माझ्यासारखंच. समोर बॉल चालला असला म्हणजे मागे वळून पाहायचा नाही. हात मागे करायचा, मले चाचपायचा, मुठीनं ठोकायचा. मी ठण्ण वाजलो की त्याले कळायचं आपण कुठे उभे आहो. लोकायले वाटे तो खांबाले नमस्कार करते. काही नमस्कार-बिमस्कार नाही. तो मोजून राहिला होता. मारायचाही जोरात. मले लागत असेल का हे त्यानं कधी विचारलं नाही, आणि खरं सांगतो, मलेही कधी राग आला नाही. बाकीच्यांचा येतो.

बाकीचे म्हणजे कोण? सगळेच. फुटबॉल रविवारी, आणि उरलेले दिवस मी गावाचा. कॉलनीत लग्न असलं की मांडवाचा दोर माझ्या गळ्यात. कोणाची बकरी माझ्या पायाले. भरतीची तयारी करणारे पोट्टे सकाळी आडव्याले लोंबकळतात, तो वरून कुरकुरतो आणि वजन माझ्यावर येते. क्रिकेटवाले तर विचारूच नका. कोळशानं माझ्यामागच्या भिंतीवर तीन दांड्या काढतात, आणि बॉल मले लागला की आउट की नॉट आउट यावर भांडतात. फुटबॉलच्या खांबाले क्रिकेटचा न्याय करायले लावतात, सांगा आता. एका बाईनं गोधडी वाळत घातली होती, ती चार दिवस विसरली. वाळत घालायले आठवण राहते, काढायले राहत नाही.

आणि पाहुणे. कॉलनीतून पुण्याले, हैदराबादले गेलेले येतात, गॉगल लावून. बायकोले दाखवतात की हे आपल्या क्लबाचं घरचं मैदान. माझ्यावर हात टाकून फोटो काढतात, डोळ्यात पाणी आणतात, आणि संध्याकाळी मॅच आहे म्हटलं तर म्हणतात ट्रेन आहे. मैदान पाहायले येता आणि खेळ पाहायले थांबत नाही. देवळात जाऊन चप्पल सांभाळून परत यावं तशातली गोष्ट.

गुलाबराव मात्र फोटोवाला नव्हता. खेळणं सुटलं तरी दर मॅचले यायचा. पायऱ्यांवर कधी बसला नाही. माझ्यामागे, जाळीच्या कडेले, दोन हात जागा आहे. तिथे उभा राहायचा आणि प्रत्येक नव्या गोलकीले शिव्या द्यायचा. मग रिटायर झाला, पोरानं शहराच्या टोकाले, उरला म्हणून कारखान्यांची वस्ती आहे, तिच्या पुढे घर बांधलं, तिकडे गेला. गुडघे गेले. मग डोळे जायले लागले. काचबिंदू. आजूबाजूचं जाते आणि समोरचं तेवढं दिसते, नळीतून पाहिल्यासारखं. तेही ऊन असलं तर. संध्याकाळ झाली की तेही नाही. डॉक्टरनं सांगतलं होतं की गेलेलं परत येत नाही, आहे तेवढं सांभाळा.

हे मले कसं ठाऊक? रुचितामुळे. रुचिता त्याची नात, पोराची पोरगी. कॉलेजात जाते आणि आमच्या क्लबाच्या पोरींच्या टीममध्ये गोलकी आहे. माझ्या बुडाशी बसून बूट बांधते आणि फोन कानाले लावते. आजोबाशी बोलणं म्हणजे असं की तो मराठीत विचारते, ही हिंदीत सांगते, आणि दोघायले सगळं समजते. दर मॅचनंतर ती त्याले सगळा खेळ सांगायची. कोणी मारला, कुठून मारला, मी कुठे होते. आणि तिकडून तो काहीतरी खेकसायचा, आणि ही हसायची.

गोलकी चांगली आहे. मले हात लावत नाही, तेवढं एक खटकते. मान फिरवून पाहते. आजकालच्यांचं असंच.

आता मूळ गोष्ट. या हिवाळ्यात पोरींची टीम राज्याच्या लीगमध्ये चढली, आणि पहिली मॅच घरच्या मैदानात ठरली. दल्लीराजहऱ्याच्या, तिकडच्या लोखंडाच्या खाणीच्या गावच्या, पोरी येणार होत्या. गुलाबराव म्हणाला, मी येतो. पोरगा म्हणे, कशाले, दिसत तर नाही. रुचितानंही फोनवर समजावलं, घरी येऊन सगळं सांगते म्हणून. तेव्हा तो जे बोलला ते फोनमधून मलेसुद्धा ऐकू आलं.

"तू सांगशील ते तुझं पाहिलेलं. मले माझं पाहायचं आहे, डोळा आहे तोपर्यंत. गोलच्या मागे उभा राहिलो तर दिसते अजून."

रुचिता नुसतं हव म्हणाली आणि लेस बांधली.

म्हाताऱ्याचं मागणं एवढंच होतं. एक मॅच, ऊन असताना, माझ्यामागची दोन हात जागा. पण सरळ गोष्ट सरळ होऊ दिली तर हे कमिटीवाले कसले?

क्लबाचा सेक्रेटरी यशदीप. गुलाबरावच्या धाकट्या भावाचा पोरगा, उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये ऑफिसात आहे. पोरगा वाईट नाही, पण उत्साह फार. मॅचसाठी मैदान सजवायचं म्हणून त्यानं मीटिंग घेतली, माझ्यासमोरच, सतरंजी टाकून. फाटक निळं करू, सगळ्यांनी माना हलवल्या. पायऱ्यांचे कठडे निळे करू, पुन्हा माना हलल्या. मग कोणीतरी म्हणालं, आपला झेंडा निळा, जर्सी निळी, क्लबाचं नाव नीलज्योत, तर खांबच काहून पांढरे?

आता तुम्हीच सांगा, या वस्तीत निळ्याच्या विरोधात हात वर करणार कोण? ज्याच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे तो तर करणारच नाही, आणि ज्याच्या घरात नाही त्याची हिंमत होणार नाही. एकमतानं पास. दुसऱ्या दिवशी शहरातल्या गोल बाजारातून तेलरंगाचे डबे आले आणि या टोकाचे आम्ही, त्या टोकाचे ते, सगळे निळे झालो. उजवा खूष. म्हणे शोभून राहिलो.

हिवाळ्याचं आभाळ पाहिलं का रायपूरचं? स्वच्छ निळं. त्यात निळा खांब. पहिल्याच प्रॅक्टिसले एक पोरगी धावत आली आणि मले खांद्यानं धडकली. आडव्यावर रोज बसणारा कावळा चुकला आणि सरळ जाळीत गेला. रुचिता एकदा म्हणाली की यशदीप भैया, पोस्ट दिखता नहीं. यशदीप म्हणाला, आदत हो जाएगी. झालं.

मॅचचा रविवार आला. तीनची मॅच. दोनलेच पायऱ्या भरल्या. गुलाबराव आला, सोबत बायको मीराबाई. म्हाताऱ्याच्या हातात काठी, गळ्यात निळा मफलर. इतक्या वर्षांनी पाहिला. अर्धा झाला होता. फाटकातून आला तो सरळ माझ्याकडे निघाला, तर यशदीपनं मधातच धरला आणि मांडवात नेला. मधल्या लाइनीजवळ मांडव टाकला होता, सोफा, फुलदाणी, पाण्याच्या बाटल्या. पाहुणे येणार, मोठेबाबाचा सत्कार होणार, शाल मिळणार. गुलाबराव म्हणाला मले इथून काही दिसत नाही. यशदीप म्हणाला, मोठेबाबा, तुम्ही क्लबाची शान आहात, तुम्ही मागे उभे राहाल तर आम्हाले लाज वाटेल. म्हणजे मान द्यायचा तो यांच्या सोयीनं. मीराबाई नवऱ्याले म्हणाली, बसा ना जरा, सोफा नरम आहे. तो बसला. बसला म्हणजे दाबून बसवला.

मग रेफरी आला. दिवाकर सर म्हणतात त्याले. काळे कपडे, शिट्टी, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. जाळी ओढून पाहिली, लाइनी पाहिल्या. माझ्यासमोर येऊन थांबला. बोटानं टकटक केलं. मग यशदीपले बोलावलं आणि थंडपणे म्हणाला की पोस्ट पांढरे पाहिजेत, असे चालत नाहीत. यशदीपनं हात जोडले, क्लबाचा रंग आहे म्हणाला. रेफरी म्हणाला, क्लबाचा असेल, नियमाचा नाही. साडेतीनपर्यंत पांढरे झाले तर शिट्टी वाजवतो, नाही तर मैदान नापास, आणि घरच्या पुढच्या सगळ्या मॅच शहरातल्या मोठ्या स्टेडियमात.

मैदानात कुजबुज पसरली. मोठं स्टेडियम म्हणजे दोन ऑटो बदलून जायचं. तिथे जाळीमागे कोण उभं राहू देते? मांडवात गुलाबरावच्या कानावर ही बातमी आली तेव्हा तो काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होता. त्याले समजलं की आज नाही तर कधीच नाही.

पांढरा तेलरंग रविवारी कुठून आणणार, आणि आणला तर वाळणार कधी? लाइनी मारायचा चुना मात्र होता, पोतंभर. बादलीत कालवला. कुंचा आणला. आणि मग तमाशा पाहा. कुंचा कोणी हातात घेईना. खेळाडू पाहतात कमिटीकडे, कमिटी पाहते पायऱ्यांकडे. पायऱ्यांवरून एक बाई म्हणाली, निळ्यावर चुना फासता का रे? बस, एवढंच म्हणाली. यशदीपनं कुंचा दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याकडे. तिसरा म्हणाला माझा बाप पायरीवर बसला आहे, मी नाही लावत. ज्यांनी आठवड्याआधी एकमतानं हात वर केले होते, त्यांचे हात आता खिशात. घड्याळ चाललंच होतं. रुचिता हातमोजे घालून माझ्याजवळ उभी होती, एकदा बादलीकडे पाहे, एकदा रेफरीकडे.

तेवढ्यात मांडवातून म्हातारा उठला. काठी टेकत मैदान आडवं ओलांडायले लागला, ताज्या मारलेल्या लाइनी तुडवत. लोक ओरडले, बाबा लाइन, लाइन. त्याले लाइनी दिसत नव्हत्या, आणि दिसल्या असत्या तरी त्यानं तुडवल्या असत्या. मीराबाई मागून आली. माझ्यासमोर येऊन थांबला, हात पुढे केला, मले चाचपलं. मग गळ्यातला निळा मफलर काढला, घडी केली आणि बायकोच्या हातात दिला. म्हणाला, ह्याले चुना लागू देऊ नको. आणि कुंचा मागितला.

यशदीप म्हणाला, "मोठेबाबा, तुम्ही नका. लोक काय म्हणतील?"

"लोकायले सांग, म्हाताऱ्याले दिसत नाही, त्यानं कशावर काय फासलं ते त्याले ठाऊक नाही."

कोणीतरी हसलं. तो नाही हसला. कुंचा बादलीत बुडवून म्हणाला, "निळा आपल्या झेंड्याचा आहे, अंगावरचा आहे. खांबाचा नाही. बाबासाहेबानं शिकाले सांगतलं. तुमच्यातल्या एकानं तरी या खेळाचा नियम वाचला होता का? नाही ना? मग आता दोष मले द्या आणि बादली वर धरा."

 पायऱ्यांवरच्या त्या बाईनं पदर नीट केला आणि दुसरीकडे पाहिलं.

पण तेलरंगावर चुना धरते का? वरून लावला की खालून ओघळ. मीराबाई बघत होती. म्हणाली, नुसतं पाणी काय टाकता, भाताची पेज टाका. इथले लोक तिले पसिया म्हणतात. रविवारची दुपार, कॉलनीत प्रत्येक घरी भात झालेला. पोरी पळाल्या आणि दोन पातेली घेऊन आल्या. पेज घालून कालवल्यावर चुना चिकटला. म्हातारा मले खालून वर रंगवत गेला, हात पोचला तिथपर्यंत. मग यशदीपनं मान खाली घालून शिडी आणली आणि वरचं केलं. एकानं सुरुवात केली म्हटल्यावर बाकीचेही आले, उजवा झाला, आडवा झाला, तिकडचे झाले. चुना मले चावतो, पेजेवर मुंग्या येतात, पण त्या दिवशी मी कुरकुरलो नाही. बरी आंघोळ घालून राहिला होता तो.

गुलाबरावच्या हाताले कोपरापर्यंत चुना, शर्टावर ओघळ, भुवईवर थेंब. तेवढ्यात पाहुणे आले. माइक सुरू झाला. क्लबाची शान गुलाबरावजी यांनी सत्कारासाठी यावं. यशदीप धावत आला, आणि म्हाताऱ्यानं दोन्ही हात पुढे करून दाखवले. म्हणाला, असा येऊ का पाहुण्याच्या गळ्यात पडायले? यशदीपनं वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, राहू द्या. शाल मीराबाईनं घेतली. तिनं शाल घेतली, नारळ घेतला, आणि त्या नरम सोफ्यावर जी बसली ती शेवटपर्यंत उठली नाही.

रेफरी येऊन म्हणाला, बाबा, गोलच्या मागे कोणी थांबायचं नाही. गुलाबराव म्हणाला, मी पब्लिक नाही, रंगारी आहो. रंग ओला आहे, कोणी हात लावू नये म्हणून उभा आहो. रेफरीनं माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. खरं तर होतंच. निघून गेला.

म्हणजे जागा मिळाली. आता ऊन पाहिजे होतं, आणि ऊन खात होते पाहुणे. किती बोलावं माणसानं? खेळाचं महत्त्व, पोरींचं शिक्षण, देशाचं भविष्य. सावली पायऱ्यांवरून उतरून लाइनीपर्यंत आली तरी यांचं भविष्य संपेना. मी आयुष्यात किती भाषणं ऐकली असतील, पण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की उपटून जावं आणि माइकवर आडवं पडावं.

शेवटी शिट्टी वाजली, आणि नशीब पाहा. टॉस दल्लीवाल्यांनी जिंकला. पहिल्या अर्ध्यात रुचिता गेली समोरच्या गोलले, आणि माझ्याकडे आली दल्लीची गोलकी. समोरच्या गोलमागे नाला आहे, तिथे उभं राहायले जागा नाही. गुलाबराव काय करणार? मलेच धरून उभा राहिला. नातीचा गोल त्याच्यासाठी मैदानापार कुठेतरी, धुक्यात.

पण गोलकी तो गोलकीच. दल्लीची पोरगी नवीन होती, जागा सोडून पुढे उभी राहायची. थोडा वेळ यानं दात खाल्ले. मग राहवलं नाही. म्हणाला, मागे ये, डावीकडे सरक, खांब तुझ्या हाताशी पाहिजे. ती पोरगी बिचारी सरकली. आणि त्याच घडीले आमच्या पोरीनं मारलेला बॉल बरोबर तिच्या पोटात गेला. सोळा आणे गोल होता, वाचला. पायऱ्यांवरून जो गलका उठला तो विचारू नका. यशदीप धावत आला, घामाघूम.

"मोठेबाबा, ती आपली नाही."

"गोलकी आहे ना? आपली-परकी बॉलले सांग."

यशदीप कपाळाले हात लावून गेला. दल्लीच्या पोरीनं मागे वळून हळूच थँक्यू दादाजी म्हटलं. यानं तिलेही झापलं, समोर पाहा म्हणून.

मध्यंतर झालं. टीमनं बाजू बदलली. रुचिता माझ्याकडे आली तोपर्यंत सूर्य कारखान्याच्या शेडमागे टेकला होता. मैदान मातीच्या रंगाचं झालं, पोरी सावल्यांसारख्या. माझ्यावर टेकलेला म्हाताऱ्याचा हात आधी मोकळा होता, आता त्यानं मूठ धरली. त्याले दिसणं कमी होऊन राहिलं होतं, हे मले त्या मुठीतून कळत होतं. रुचितालेही कळत असावं. ती मागे न वळता म्हणाली, "आबाजी, ठंड है, जाके बैठ जाओ ना. मैं बाद में सब बता दूँगी."

"तू समोर पाहा."

तिनं समोर पाहिलं.  उजव्यानं, पहिल्यांदाच, काही पांडित्य केलं नाही.

बराच वेळ बॉल तिकडेच राहिला. आमच्या पोरी मारतात आणि ती दल्लीची गोलकी अडवते, आमच्याच म्हाताऱ्यानं शिकवलेल्या जागेवर उभी राहून. लोक पायऱ्यांवरून त्याच्याकडे पाहून काय काय बोलून राहिले होते. आणि मग एकदम बॉल इकडे आला. दल्लीची एक उंच पोरगी, आमच्या दोन पोरींले मागे टाकून, एकटी, डाव्या बाजूनं. रुचिता पुढे झाली. पोरीनं खालून, कोपऱ्याले, माझ्याच पायाकडे मारला.

रुचितानं अंग टाकलं. मुरमावर घासत आली. बोटांची टोकं बॉलले लागली, बॉल वळला आणि माझ्या पोटऱ्यांवर आदळला. मी ठण्ण वाजलो. पन्नास वर्षांत किती वेळा वाजलो असेन, पण असा नाही. चुन्याचा एवढा मोठा पोपडा उडाला. बॉल लाइनीबाहेर गेला. म्हाताऱ्याचा हात माझ्यावर तसाच होता.

थोड्या वेळानं लांब शिट्टी वाजली. शून्य-शून्य. लोक उठले, माती झाडली, आणि काहीच झालं नाही म्हणत घरी गेले. हे असे लोक. गोल झाला तरच काही झालं. झाला नाही, त्यात कोणाचं काय लागलं होतं, ते कोणी पाहत नाही.

रुचिता हातमोजे काढत माझ्याकडे आली. कोपर सोललेलं, त्याले मुरूम चिकटलेला. आजोबाजवळ आली आणि रोजच्या फोनसारखी सुरू झाली, की आबाजी, वो बाएँ से आई थी, अकेली, तो मैंने क्या किया...

म्हाताऱ्यानं तिले मधातच तोडलं.

"तुझा डावा हात उशिरा निघते. उजव्या पायावर वजन टाकून उभी होतीस. म्हणून बोटं लागली, नाही तर पंजा लागला असता."

ती थांबली. हातमोजा अर्धा हातात, अर्धा बाहेर.

"आपको दिखा?"

"दिसलं म्हणूनच सांगून राहिलो. नसतं दिसलं तर शाबास म्हटलं असतं."

पोरीनं कोपर पुसायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. तिनं ते माझ्याकडे फिरवलं, म्हणून मले दिसलं, आणि ते मी कोणाले सांगणार नाही.

त्या गोष्टीले आता काही आठवडे झाले. माझी हालत विचाराल तर चुना ठिकठिकाणी उडाला आहे, खालून निळा डोकावतो. रेल्वे फाटकाच्या दांड्यासारखा पट्टेरी झालो आहो. पांढरा तेलरंग द्यायचा आहे, पण तो ठराव मांडायचा कोणी, यावर तिसरी मीटिंग झाली, चहा झाला, ठराव झाला नाही. मॅचच्या आदल्या दिवशी पेज आणि चुना, एवढ्यावर काम चालू आहे. मुंग्या खूष आहेत.

गुलाबराव येते. मागच्या खेपेले ढगाळ होतं, तर पूर्ण मॅचभर विचारत होता की बॉल कुठे आहे. रुचिताले त्यानं सांगतलं आहे की डोळे पूर्ण गेले तरी येईन, कान आहेत. मले त्याचं काही वाटत नाही. मी वाजायचं काम करीन, जमेल तोवर.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे, आणि ते रंगाचं नाही, सत्काराचं नाही, सोफ्याचं तर अजिबात नाही. माझ्यामागची ती दोन हात जागा. रविवारी तुम्ही तिथे मोटरसायकली लावता, सावली मिळते म्हणून. लावू नका. फाटकापासून इथपर्यंतचा रस्ता म्हाताऱ्याच्या पायाले पाठ आहे. मधात तुमचं हॅण्डल नसलं म्हणजे झालं.